मुदतीनंतर दिलेली कैफियत: कलमाचे शब्द की न्यायाचं तत्त्व?

बावडा_ज्युनिअर

करवीर तालुक्यातल्या शेतजमिनीच्या वाटपाचा दावा आहे, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. आम्ही प्रतिवादी क्र. ३ तर्फे. समन्स बजावून ९० दिवस उलटले तरी कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) गेली नव्हती. ९६व्या दिवशी ‘नो डब्ल्यूएस’चा (कैफियत नाही असं धरून पुढे जाण्याचा) हुकूम झाला. तो रद्द व्हावा म्हणून १३१व्या दिवशी अर्ज दिला, सोबत कैफियतही जोडली.

वादीच्या वकिलांचं म्हणणं असं: दिवाणी संहितेच्या ऑर्डर ८ रूल १ मध्ये ‘शॅल’ (केलंच पाहिजे) आहे, १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच संपतो, सुप्रीम कोर्टाचा २०१९चा निवाडा आहे. आमच्या अर्जात त्यावर एकच वाक्य आहे, ‘कार्यपद्धती ही न्यायाची दासी आहे, स्वामिनी नव्हे’. युक्तिवादात कोर्टाने विचारलं, ‘तत्त्व मान्य. पण कलम स्पष्ट असेल तर हे तत्त्व आत कुठल्या दारानं येतं?’ उत्तर नीट देता आलं नाही. पुढची तारीख दहा दिवसांवर आहे.

१) कोर्ट शब्दांवर थांबतं कधी आणि तत्त्वाकडे जातं कधी, याची काही कसोटी आहे का?
२) लेखी युक्तिवादात हे कसं मांडायचं?

---

दिवाणी_बाजू

आधी वादीचा आकडा तपासा. १२० दिवस तुमच्या दाव्याला लागूच नाहीत. बेअर अ‍ॅक्टमध्ये (कायद्याचा नुसता मजकूर असलेल्या पुस्तकात) ऑर्डर ८ रूल १ खाली दोन मजकूर छापलेले असतात. एक साध्या दाव्यांसाठी: ३० दिवस, आणि कारणं नोंदवून वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. दुसरा २०१५च्या कमर्शिअल कोर्ट्स कायद्याने आलेला: ३० आणि १२०. शेतजमिनीचं वाटप हा काही व्यापारी वाद नव्हे. त्या कायद्यात स्थावर मिळकतीचा वाद बसायचा तर ती मिळकत केवळ व्यापारासाठी वापरात असावी लागते. पण आकडा चुकला एवढं दाखवून थांबू नका. ९० धरले तरी तुम्ही ४१ दिवस उशिरा आहात.

आता कोर्टाच्या प्रश्नाचं उत्तर. तत्त्व ज्या दारानं आत येतं ते दार कलमाच्या मजकुरातच शोधावं लागतं. ‘शॅल’ दोन्हीकडे आहे, तरी निकाल वेगळे लागले, ते कशामुळे ते पाहा.

कैलाश वि. नन्हकू (२००५, तीन न्यायमूर्ती). ९० दिवसांची तरतूद मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असं ठरलं. आधार तीन. तरतूद कार्यपद्धतीची आहे. बंधन प्रतिवादीवर घातलंय, कोर्टाचा अधिकार काढून घेतलेला नाही. आणि मुदत चुकली तर काय, हे त्या नियमात लिहिलेलंच नाही. त्याच वर्षी सेलम बार असोसिएशनच्या दुसऱ्या निवाड्यात ऑर्डर ८ रूल १० कडे बोट दाखवलं गेलं. कैफियत आली नाही तर कोर्ट निकाल देईल ‘किंवा योग्य वाटेल तो हुकूम करील’, असे तिथले शब्द आहेत. हा ‘किंवा’ म्हणजे तुमचं दार.

एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स वि. के. एस. चमणकर (२०१९). वादी बहुधा हाच दाखवतायत. व्यापारी दाव्यांच्या मजकुरात दोन वाक्यं जास्त आहेत: १२० दिवसांनंतर प्रतिवादी हक्क गमावतो, आणि कोर्ट कैफियत दाखल करून घेणार नाही. शिवाय रूल १० लाही परंतुक (अट घालणारं जोडवाक्य) जोडून मुदतवाढीचा रस्ता बंद केला. इथे परिणाम लिहिलेला आहे आणि मनाई थेट कोर्टाला आहे. दासी-स्वामिनीचं तत्त्व तेच राहिलं, त्याला आत यायला जागा उरली नाही.

न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स वि. हिल्ली मल्टिपर्पज (मार्च २०२०, पाच न्यायमूर्ती). ग्राहक मंचातल्या उत्तराची मुदत, ३० अधिक १५. बंधनकारक ठरली, कारण उत्तर आलं नाही तर पुढे काय हे कलमात होतं आणि कायद्याचा हेतूच झटपट निकाल हा होता. वादी हाही दाखवतील, ‘पाच न्यायमूर्तींचा आहे’ म्हणतील. तो ग्राहक कायद्याच्या मजकुरावरचा निर्णय आहे एवढं शांतपणे सांगा.

तर कसोटी अशी लावा: मुदत चुकल्याचा परिणाम लिहिलाय का? मनाई कोणाला उद्देशून आहे, पक्षकाराला की कोर्टाला? दुसऱ्या एखाद्या नियमात कोर्टाला मोकळीक ठेवलीय का? या तिन्हींतून दार सापडलं तरच तत्त्व काढा. लवाद कायद्याच्या कलम ३४(३) मध्ये (लवादाचा निवाडा रद्द करून मागण्याची मुदत) ‘पण त्यानंतर नाही’ एवढ्या शब्दांनी काम संपतं. तीन महिने आणि वर ३० दिवस, पुढे मर्यादा कायद्याचं कलम ५ (उशीर माफ करण्याचं) सुद्धा चालत नाही, हे पॉप्युलर कन्स्ट्रक्शनमध्ये (२००१) ठरलेलं आहे.

एक धोका. मार्गदर्शक म्हणजे फुकट नव्हे. कैलाशमध्येच लिहिलंय की ९० च्या पुढची वाढ अपवाद म्हणून, थोडक्यात का होईना कारणं नोंदवून, कॉस्ट (समोरच्याला द्यायचा खर्च) लावून, आणि गरज पडली तर शपथपत्र नि कागद मागून. अ‍ॅटकॉम टेक्नॉलॉजीज वि. वाय. ए. चुनावाला (२०१८) हा तर मुंबई हायकोर्टाने वर्षानुवर्षांच्या उशिरानंतर दाखल करून घेतलेल्या कैफियतीचा मामला. सुप्रीम कोर्टाने तो हुकूम फिरवला, कारण उशिराचं समाधानकारक कारण दाखवायची जबाबदारी प्रतिवादीची आणि ती पार पडली नव्हती. तुमच्या अर्जात तत्त्वाचं वाक्य आहे, कारण कुठाय? ९१ ते १३१ या ४१ दिवसांचा हिशेब शपथपत्रावर द्या: नकला कधी मागितल्या, कधी मिळाल्या, सातबारा-फेरफार कधी काढले, पक्षकार गावात होता की नाही. ‘वकील आजारी होते’ एवढं लिहून दाखला न जोडणं, याच्यावरच निम्मे अर्ज पडतात.

---

निशाणी_पाच

वरचं बरोबर आहे, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. ‘शब्द एकीकडे, तत्त्व दुसरीकडे’ अशी मांडणीच प्रश्नात चुकलीय. शब्दाला चिकटून राहणं हेही तत्त्वच आहे. कायदेमंडळाने ठरवलेलं कोर्टाने बदलू नये, आणि समोरच्यानं ज्या मुदतीवर विसंबून पावलं टाकली ती मागाहून सरकवू नये. कोर्टाचा प्रश्न त्या तत्त्वाच्या बाजूनं आला होता. ‘तांत्रिक मुद्दा’ म्हणून तो झटकलात तर गेलात.

कायद्याची तत्त्वं निकालात तीन वेगवेगळी कामं करतात. वकील ती एकत्र कालवतात म्हणून युक्तिवाद पातळ होतो.

पहिलं, दोन अर्थ संभवत असतील तर एक निवडणं. तुमचं काम या खान्यात आहे.

दुसरं, कायदा गप्प असेल तिथली पोकळी भरणं. ठळक उदाहरण केंचवा वि. गिरीमल्लाप्पा (प्रिव्ही कौन्सिल म्हणजे ब्रिटिश काळचं सर्वोच्च अपील कोर्ट, १९२४). खुनी माणसाला खून झालेल्याचा वारसा मिळावा का, यावर हिंदू कायद्याच्या ग्रंथांत स्पष्ट नियम सापडेना. न्याय, समता आणि सद्सद्विवेक या आधारावर तो अपात्र ठरला. मुंबई इलाख्यात या आधाराला खुद्द १८२७च्या रेग्युलेशन ४ च्या कलम २६ मध्ये जागा होती: आधी कायदा, मग रूढी, मग प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय-समता-सद्सद्विवेक. क्रम बघा, तत्त्व सगळ्यात शेवटी. (कोल्हापूर तेव्हा संस्थान. मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ला.) पुढे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात हेच तत्त्व कलम २५ होऊन बसलं. आज त्या मुद्द्यावर कोणी ‘समता’ म्हणून भांडत नाही, कलम २५ दाखवतो.

तिसरं, कोर्टाच्या अंगभूत अधिकारांना आधार देणं, म्हणजे दिवाणी संहितेचं कलम १५१. मनोहरलाल चोप्रा वि. सेठ हिरालाल (१९६१) मध्ये ऑर्डर ३९ मध्ये न बसणारी तूर्त मनाईही कलम १५१ खाली देता येते असं ठरलं. पण जिथे संहितेत स्पष्ट तरतूद आहे तिथे १५१ चालत नाही. तुमचा अर्ज १५१ खाली दिला असेल तर मथळा दुरुस्त करा आणि ऑर्डर ८ रूल १ व १० लिहा. मथळा चुकला म्हणून सहसा अर्ज पडत नाही, पण समोरच्याला पंधरा मिनिटं बोलायला विषय मिळतो.

आता शब्दापुढे तत्त्व हरतं त्याचं उदाहरण, कारण वादीचे वकील तयार असतील तर तिथेच नेतील. लक्ष्मीपुरीतलं दुकान भाड्यानं आहे, भाडं थकलं, दावा झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५(३): समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी भरा, वर १५ टक्के सरळव्याज, दाव्याचा खर्च, आणि निकालापर्यंत भाडं ‘नियमित’ भरत राहा. जुन्या मुंबई भाडे कायद्यातल्या अशाच ‘नियमित’वर मृणालिनी शहा वि. बापालाल शहा (१९८०) आहे. महिन्याचं महिन्याला, वाजवी वक्तशीरपणे भरलं पाहिजे. तसं झालं नाही तर कोर्टाला दयेचा अधिकार नाही. भाडेकरू कितीही गरीब असो, मधे चार महिने एकदम भरले तरी उपयोग नाही. कारण जागा खाली करण्यापासूनचं संरक्षणच या अटीवर दिलेलं आहे. अट पाळली नाही तर संरक्षण उभंच राहत नाही, मग तत्त्व जोडणार कशाला?

म्हणून लेखी युक्तिवादात स्वतःहून लिहा: ‘ही सवलत अटीवर मिळालेली नाही. स्वतःची बाजू मांडण्याचा मूळ हक्क इथे आहे आणि मुदत त्या हक्काच्या वापराची रीत ठरवते.’ हा फरक तुम्ही सांगितला नाही तर कोर्टाला स्वतः शोधावा लागेल, आणि कोर्टाकडे त्या दिवशी बोर्डावर शंभर कामं असतात.

---

बावडा_ज्युनिअर

दोघांचेही आभार, सर. अर्ज १५१ खालीच होता, दुरुस्त करतो. अजून एक, गुणदोषावरचं (दाव्याच्या मूळ वादाचं) पण याच दाव्यातलं. १९७४चं मराठी वाटणीपत्र आहे. त्यात ‘विहीर, पाट, बांध, झाडे वगैरे समाईक राहतील’ असं आहे. वादी म्हणतात, या ‘वगैरे’मध्ये गुऱ्हाळघर येतं. ‘एजुस्डेम जेनेरिस’ (यादीनंतरचा सर्वसाधारण शब्द यादीतल्याच जातीच्या गोष्टींपुरता, हा नियम) लावून ते बाहेर काढता येईल का?

---

काष्ठ_पाषाण

येईल, पण लॅटिन शब्द उच्चारून काम भागत नाही. अमरचंद्र चक्रवर्ती वि. कलेक्टर ऑफ एक्साइज (१९७२) मध्ये पाच अटी दिल्यात: विशिष्ट शब्दांची यादी हवी, त्या शब्दांचा एक वर्ग बनला पाहिजे, यादीने तो वर्ग संपलेला नसावा, यादीनंतर सर्वसाधारण शब्द यायला हवा, आणि वेगळा हेतू दिसता कामा नये.

तुमच्या यादीत दुसरी अट बघा. विहीर नि पाट पाण्याचे, बांध हद्दीचा, झाडं बांधावरची. ‘जमीन कसण्यासाठी सगळ्यांना लागणाऱ्या, तुकडे न पडणाऱ्या गोष्टी’ असा वर्ग मांडता येतो. मग विहिरीवरचं इंजिन, पाइपलाइन, वहिवाटीची पायवाट ‘वगैरे’त बसते. गुऱ्हाळघर म्हणजे चुलवाण, काहील, चरक असलेली वास्तू. ऊस पिकवायला ती लागत नाही, पिकलेल्या उसाचा गूळ करायला लागते. इथून ते बाहेर काढा. पण वादी वर्ग मोठा करतील: ‘शेतातलं सगळं न वाटलेलं’. तेव्हा उरलेला दस्त उघडा. गुऱ्हाळघर दुसऱ्या कलमात कोणाच्या वाट्याला दिलंय का? १९७४ साली ते उभं तरी होतं का? शब्दांचा त्या काळच्या वस्तुस्थितीशी संबंध दाखवणारा पुरावा चालतो (पुरावा कायद्याचं कलम ९२, परंतुक ६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९५). मात्र दस्ताच्या अटीला विरोध करणारी तोंडी साक्ष चालत नाही.

आपल्या जुन्या दस्तांत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ अशी साखळी असते. तिच्यामागे ‘वगैरे’ आलं की लोक ते वाचतच नाहीत, वकीलसुद्धा. तुमच्या दस्तात ती आहे का बघा. असली तर ‘वगैरे’ हा लेखनिकाच्या सवयीचा शब्द आहे, असा युक्तिवाद वादीच्या विरुद्ध वापरता येतो.

दोन कलमं एकमेकांना छेद देत असतील तर आधी दोन्ही जगतील असा अर्थ काढा. तो निघतच नसेल तर करारासारख्या दस्तात आधीचं कलम टिकतं (राधासुंदर दत्त, १९५८चा निकाल), मृत्युपत्रात शेवटचं (भारतीय उत्तराधिकार कायदा, कलम ८८). हे उलटसुलट करणारे पुष्कळ आहेत. नि या सगळ्याच्या आधी एक: वाटणीपत्र नोंदलेलं आहे की आधी झालेल्या तोंडी वाटणीची नुसती याद आहे, ते पाहा. त्या दस्तानेच वाटणी केली असेल आणि तो नोंदलेला नसेल, तर ‘वगैरे’वरची चर्चा नंतरची.

---

भाऊसिंगजी_रोड

निवाडे कसे दाखवायचे यावर थोडं, कारण प्रकरण तिथेच घसरतं.

चार निवाड्यांच्या वर देऊ नका. प्रत्येकासमोर तीन गोष्टी: खंडपीठ किती न्यायमूर्तींचं, कुठल्या कलमाचा कुठला मजकूर होता, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते वाक्य आलं. कैलाश हा निवडणूक याचिकेतला होता, पण त्यात ऑर्डर ८ रूल १ चाच अर्थ लावलाय, म्हणून लागू. कायद्याच्या प्रश्नावर ज्या कारणाने निकाल लागला तेच कारण बंधनकारक असतं, ओघात आलेलं सुंदर वाक्य नव्हे. ‘दासी’ची उपमा कित्येक निवाड्यांत आहे, आणि त्यांतल्या काहींत पक्षकार शेवटी हरलेला आहे. मथळ्याच्या टिपणातून (छापील निवाड्याच्या वरच्या सारांशातून) उचलून दिलंत तर समोरचे शेवटचा परिच्छेद वाचून दाखवतात.

मराठी बेअर अ‍ॅक्टवरून ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांवर भांडू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे अधिकृत मानला जाणारा मजकूर इंग्रजीच. मराठी वाचा समजायला, अर्थ लावताना इंग्रजी उघडा.

अर्ज नामंजूर झाला तर अपील नाही. अनुच्छेद २२७ खाली (खालच्या कोर्टांवर देखरेखीचा हायकोर्टाचा अधिकार) रिट. ‘२२६ व २२७’ असं सवयीनं टंकू नका. दिवाणी कोर्टाच्या न्यायिक हुकमावर २२६ चालत नाही, हे राधेश्याम वि. छबीनाथ (२०१५) मध्ये ठरलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते काम मुंबईला नेण्याचं कारण उरलं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे इथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, सर्किट बेंचकडे (मुंबई हायकोर्टाच्या इथे बसणाऱ्या खंडपीठाकडे) आहेत.

आणि कलमाचा अर्थ लावण्याचं हवं तर घरचं उदाहरण घ्या. हे बेंच ज्या कलमावर उभं आहे ते राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). ‘ही पुनर्रचनेच्या वेळची तात्पुरती सोय, तिचं काम तेव्हाच संपलं’ असा अर्थ औरंगाबादच्या खंडपीठाच्या वेळी मांडला गेला होता आणि हायकोर्टात तो टिकलाही. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली नारायण शामराव पुराणिक प्रकरणात तो फेटाळला. कलमात मुदत नाही, मुख्य न्यायाधीशांनी राज्यपालांच्या संमतीने ठिकाण नेमायचं एवढंच आहे. जी मुदत कायदेमंडळाने लिहिली नाही ती कोर्टाने घालायची नाही. तुमच्या प्रकरणात हेच तत्त्व परिणामाला लावा: जो परिणाम रूल १ मध्ये लिहिला नाही तो वादीच्या सांगण्यावरून घालता येणार नाही. कोर्टाला शब्दच हवेत ना, मग शब्दांवरच जिंका.

---

बावडा_ज्युनिअर

हे शेवटचं फारच कामाचं. आज रोजनामा (कोर्टाची तारखेवारी नोंद) आणि बेलिफ (समन्स बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) अहवाल पुन्हा पाहिला. समन्सच्या पोचेवर पक्षकाराची सही आहे, पण दाव्याची नक्कल मिळाल्याचा उल्लेख नाही. नक्कल आम्ही अर्ज करून २४व्या दिवशी घेतली. याचा उपयोग?

---

दिवाणी_बाजू

भावा, हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. ऑर्डर ५ रूल २ प्रमाणे समन्ससोबत दाव्याची नक्कल हवीच. नक्कल नसेल तर ती रीतसर बजावणी नव्हे, यावर नहार एंटरप्रायझेस वि. हैदराबाद ऑल्विन (२००७) आहे. दिवस २४व्यापासून मोजा. अर्ज १०७व्या दिवशी येतो, उशीर ४१ नव्हे, १७ दिवसांचा. ‘नो डब्ल्यूएस’चा हुकूम ७२व्या दिवशी पडतो. तो तेवढ्यावरून बेकायदा ठरत नाही, कारण ३० दिवसांनंतर मुदतवाढ मागायची होती आणि तुम्ही मागितली नव्हती. पण त्या दिवशी नुसत्या रूल १ च्या शब्दांवर मुदत देता येतील असे १८ दिवस कोर्टाच्या हातात शिल्लक होते, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

नकलेच्या अर्जाची तारीख आणि नक्कल मिळाल्याची तारीख, दोन्ही शिक्के नकलेच्या मागच्या बाजूला असतात. त्याची झेरॉक्स शपथपत्राला जोडा. आणि सही करताना पक्षकाराच्या हातात नेमकी किती पानं दिली होती, ते त्याच्याकडून शपथेवर घ्या. बेलिफाला उलटतपासाला बोलवायची वेळ आली तर तेवढंच उपयोगी पडेल.